गुरुवारची सुटका

चौघांनी एका खोलीत तासभर कोंडून घेऊन भांडायचं, हे आमच्या घरी रोज फुकट होतं. तरीही परवा माणशी आठशे रुपये मोजून मी, बायको, मेहुणा आणि त्याचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा पुण्यातल्या एका ‘एस्केप रूम’मध्ये शिरलो. वार गुरुवार. शनिवार-रविवारी दर जास्त असतो, हे मेहुण्याने आधीच फोन करून काढलं होतं.

साठ मिनिटांत कोडी सोडवून बाहेर पडायचं, असा हा खेळ. २००७ साली जपानमधल्या क्योटोत ताकाओ कातो या गृहस्थांनी तो सुरू केला. तिकडची माणसं सापडलेली खूण एकमेकांना दाखवत, कमरेत वाकून आभार मानत बाहेर पडत असतील. कातोंनी पुणेकर धरलेच नव्हते.

आमची खोली म्हणजे एका माथेफिरू शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा. कुलूप-किल्लीचा गावठीपणा कुठेही नाही. बाटल्यांच्या बुडाशी चिपा. त्या टेबलावर ठराविक क्रमाने ठेवल्या की टेबल त्या ओळखतं आणि भिंतीतलं कपाट उघडतं. दाराला विद्युतचुंबक. वीज आहे तोवर दार घट्ट; चार आकडे बरोबर दाबले की वीज तुटते, दार सुटतं. कॅमेऱ्यातून एक मुलगी आपल्यावर नजर ठेवून असते. तिला गेम मास्टर म्हणायचं. दहाव्या मिनिटाला तिने विचारलं, “हिंट देऊ का?”

“विचारल्याशिवाय सांगू नका,” मेहुणा छताकडे बघून म्हणाला.

भाचा बाटलीला हात न लावता चिपेचं तंत्र समजावत होता. तोवर बायकोने पदराने टेबल पुसलं, बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या आणि कपाट उघडलं! हा निव्वळ योगायोग, असं भाचा म्हणाला. त्यावर आत्या-भाच्यात सहा मिनिटं गेली.

कपाटात जांभळ्या उजेडाची बॅटरी होती. ती भिंतीवर मारली की लपलेले आकडे दिसतात. ४ दिसला, ९ दिसला, २ दिसला. चौथा काही केल्या दिसेना. आम्ही गालिचा उलटला, सांगाड्याची कवटी फिरवली, मी तर पंख्यावरही बॅटरी मारली. वीस मिनिटांनी मेहुण्याने घाम पुसायला रुमाल काढला आणि त्याबरोबर खिशातून एक चिठ्ठी पडली. तिच्यावर ७. खुर्चीखाली तिसऱ्याच मिनिटाला सापडली होती म्हणे.

“मग सांगायचं नाही का, दादा?”

“विचारलं का कुणी?”

चार आकड्यांच्या मांडण्या चोवीस होतात. प्रत्येकाची वेगळी, आणि प्रत्येकाचीच बरोबर. सातव्या मांडणीवर वाद चालू असताना वीज गेली. गुरुवार होता ना, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार! इन्व्हर्टर होता, पण तो काउंटरवरच्या पंख्याला. खट्ट आवाज झाला आणि दार आपोआप उघडलं. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ही कुलपं वीज गेली की सुटतात.

मिनिट एक्केचाळिसावं. गेम मास्टरने मोबाइलच्या उजेडात आमच्या हाती ‘आम्ही सुटलो!’ अशी पाटी देऊन फोटो काढला. तो आता कुटुंबाच्या ग्रुपवर आहे.

मेहुणा मात्र उरलेल्या एकोणीस मिनिटांचे पैसे परत मागतोय. माणशी दोनशे त्रेपन्न रुपये तेहतीस पैसे.