तीन छिद्रांच्या फोटोवाल्यास अनावृत पत्र

श्रीमान ग्रुपसम्राट यांस,

सा. न. वि. वि.

आपलं नाव मुद्दामच लिहीत नाही. प्रत्येक रेंजवर किमान एक या प्रमाणात आपण उपलब्ध असता, त्यामुळे कुणा एकाचं नाव घेतलं तर उरलेले रुसायचे. शिवाय आपली ओळख नावापेक्षा त्या फोटोवरून लवकर पटते. मोबाइल उघडला की सगळ्यात वर तोच. पांढऱ्या कागदावर एकमेकांना बिलगलेली तीन छिद्रं आणि शेजारी मापाला ठेवलेलं एक रुपयाचं नाणं. पन्नास मीटर, पॉइंट टू-टू. एअर रायफल सोडून पॉइंट टू-टूकडे वळू पाहणारं एखादं पोर रेंजवर दिसलं रे दिसलं, की आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवता, फोटो दाखवता आणि निकाल देता: “घ्यायची तर हीच. बाकी सगळा कचरा.”

पोर घरी जाऊन बापाला सांगतं, बाप भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो. आपला काही खर्च होत नाही, हे आपल्या उदारतेचं खास वैशिष्ट्य आहे. परवान्यावर एकदा चढलेली रायफल पसंत पडली नाही म्हणून परत करता येत नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात, त्यामुळे चूक जिरवायला कपाटात फारशी जागाही उरलेली नाही. मग त्या रायफलीची गोळी दहाच्या वर्तुळात जाता जात नाही. आणि आपण फायरिंग पॉइंटमागे खुर्ची टाकून म्हणता, “पोरगा ट्रिगर झटकतो.”

महाराज, त्या फोटोतली चौथी गोळी कुठे गेली?

प्रश्न आदरानेच विचारतो आहे. एकाच रायफलीने आणि एकाच माणसाने तीन-तीन गोळ्यांचे पुष्कळ ग्रुप, म्हणजे छिद्रांचे पुंजके, मारून त्यांची सरासरी काढली, मग दहा-दहा गोळ्यांचे मारून काढली, तर दहाचा ग्रुप तीनच्या दीडपटीहून थोडा मोठाच भरतो. रायफल तेवढ्यात बिघडत नाही, माणूसही बिघडत नाही. जास्त गोळ्यांना भरकटायची जास्त संधी मिळते, एवढंच. ही झाली सरासरीची गोष्ट. आपण सरासरीचा फोटो काढलेला नाही, दिवसभरातल्या सर्वांत देखण्या कागदाचा काढलेला आहे. त्याचे सख्खे भाऊ रेंजच्या कचरापेटीत पडले होते, ते मी पाहिले. एकावर तर गोळ्यांनी एकमेकींशी अबोला धरला होता.

पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटर जाड. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या, प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, ते ६०० पैकी ५९७ गुणांनी. साठ गोळ्या, आणि सगळ्या मिळून गमावलेले गुण तीन. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हा पात्रता फेरीतच नीलिंग, प्रोन, स्टँडिंग अशा वीस-वीस गोळ्या मारून ५९० केले होते. यांच्यापैकी कुणी तीन गोळ्यांचा फोटो जपून ठेवल्याचं ऐकिवात नाही. बहुधा मोबाइलमध्ये जागा नसावी.

आता आपल्या मुख्य गुन्ह्याकडे वळू. फोटोत नाणं आहे, पण काडतुसाची डबी नाही.

हा निव्वळ विसरभोळेपणा म्हणून सोडून दिला असता, पण आपल्याला पॉइंट टू-टूचा स्वभाव ठाऊक नाही असं मानणं म्हणजे आपल्या तपश्चर्येचा अपमान. मोठ्या रायफलीचं काडतूस तळाच्या मधोमध टोला घेतं. टोपी बदलायची, दारू मोजून भरायची, नवी गोळी बसवायची, आणि आपल्या नळीला मानवेल असं काडतूस घरच्या टेबलावर तयार. पॉइंट टू-टू पडलं रिमफायर, त्याला ही सोय नाही. पातळ पितळी कवचीच्या तळाला पोकळ कड असते. पेटणारा मसाला ओला असतानाच कवची गरागरा फिरवून त्या कडेत पसरवतात. टोल्याने कड चेपते, मसाला पेटतो आणि कवची कायमची निकामी होते. १८८७ साली हे लाँग रायफल काडतूस निघालं तेव्हापासून आजवर नेमबाजाला एकच मुभा आहे: कारखान्याने भरून दिलेल्यातलं बरं ते निवडून घ्यायचं.

कडेतला मसाला कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. कडेची जाडी केसभर इकडेतिकडे, बाहेरच्या मेणाचा थर कमीजास्त. त्यातून दोन काडतुसांच्या वेगात फरक पडतो आणि पन्नास मीटरवर गोळ्या वरखाली पसरतात. म्हणून महाग काडतूसही एका नळीला आवडतं आणि शेजारच्या, त्याच कारखान्याच्या, त्याच मॉडेलच्या नळीला आवडत नाही. एवढंच नव्हे, त्याच नावाच्या काडतुसाचा एक लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, चालतो आणि दुसरा चालत नाही. म्हणून तर बर्मिंगहॅमला ईली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांकडे नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात. तिथे ती पक्की आवळून बसवतात, एकामागून एक लॉट झाडून पाहतात आणि ज्याचा ग्रुप सातत्याने लहान येईल त्याच्या पेट्या उचलतात. माणूस बाजूला उभा असतो. फोटो दाखवून खांद्यावर हात ठेवण्याची तिथे काही व्यवस्था नाही, हे नमूद करताना वाईट वाटतं.

आपल्याकडे बाहेरची काडतुसं संघटनेमार्फत येणार, कोट्यात मिळणार, लॉट निवडायची चैन मोजक्यांनाच. पण म्हणूनच जो लॉट वर्षभर मिळणार आहे तो आधी आणावा आणि त्यावर रायफल पारखावी. आपण उलटं शिकवता: रायफल आधी, ती लाखांची, मग उरलेल्या पैशांत “कुठलीही काडतुसं चालतात रे.” त्यातही आपला आवडता सल्ला हाय व्हेलॉसिटीचा. जोरात जाते, म्हणजे सरळ जाते! स्टँडर्ड काडतुसाची चाळीस ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जरा खालीच. हाय व्हेलॉसिटीची गोळी निघते ध्वनीपेक्षा वेगात, पण हवेचा मार खाऊन लगेच मंदावते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाचा उंबरठा उतरताना डळमळते. हवा तिला जास्त अडवते, म्हणून आडव्या वाऱ्यात ती स्टँडर्ड गोळीपेक्षा जास्त वाहते. ताशी सोळा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याने स्टँडर्ड गोळीसुद्धा पन्नास मीटरवर इंचभर सरकते, म्हणजे दहाचा सात होतो. तिथे आपण आणखी वाहणारी गोळी सुचवता. मार्गदर्शन असावं तर असं.

काडतूस बदलताच कागदाकडे पाहून निकाल देणं हीही आपलीच परंपरा. नळीत आधीच्या काडतुसाचं मेण असतं. नव्याचं मेण बसेपर्यंत गोळ्या फिरतात, त्या मोजायच्या नसतात. आपण नेमक्या त्याच मोजता आणि दोन मिनिटांत एक लॉट नापास करता.

रायफलीबद्दल थोडकंच बोलतो, कारण बाकीचं आपण रोज बोलताच. ॲन्शुट्झच्या रायफलींचा मी स्वतः चाहता आहे. त्यांच्या ५४ ॲक्शनने इतक्या पिढ्यांना पदकं दिली आहेत की तिच्यावर टीका करायची माझी प्राज्ञा नाही. पण सव्वापाच फुटी पोराला आपण जी सुचवलीत, तिचा दस्ता आपल्या सहा फुटी देहाला बेतलेला होता. गालपट्टी एवढी उंच की डोळा मागच्या साईटच्या छिद्रामागे मधोमध येतच नव्हता. पोराने मान वाकडी केली, मानेबरोबर नेमही वाकला. नियमाने रायफल आठ किलोपर्यंत चालते, म्हणून आठ किलोचीच घ्यावी असा नियम नाही. आणि ती लांब नळी! पॉइंट टू-टूमध्ये चिमूटभर दारू असते. सोळा-सतरा इंचांत तिचं काम आटोपतं, पुढची नळी गोळीला नुसतं घासत राहते. लांबीचा फायदा होतो तो पुढची आणि मागची साईट एकमेकींपासून दूर गेल्याने. हे सांगितलं असतंत, तर पोराच्या बापाने “लांब नळी म्हणजे लांबचा पल्ला” असं शेजाऱ्यांना सांगितलं नसतं.

जुनी, वापरलेली रायफल पाहायलाही आपण मना करता. वास्तविक शिशाच्या मऊ, मंद गोळीने पॉइंट टू-टूची नळी झिजायला हजारो गोळ्या लागतात. तिची वाट लावतात ते सफाईचा लोखंडी गज तोंडाकडून कोंबणारे. नळीच्या तोंडाची कड एका बाजूने खाल्लेली दिसली तर हात जोडून परत द्यावी. नसेल, आणि ट्रिगर दरवेळी एकाच वजनाला, एकाच जागी सुटत असेल, तर आपल्या फोटोतल्या रायफलीच्या निम्म्या किमतीत ती पोराला दोन-तीन हंगाम सहज पुरेल. उरलेल्या पैशांची काडतुसं. सराव काडतुसांनी होतो, हे आपण एकदा तरी मोठ्याने म्हणून पाहावं.

आणि ती सशाची गोष्ट. चहा आला की आपण आजोबांच्या शेतावर जाता. ऐंशी पावलांवर धावता ससा, खांद्यावरून पॉइंट टू-टू, एक गोळी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे आज ससा, तितर, लावा मारणं गुन्हा आहे. पिकं उधळणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि डुकरावर पॉइंट टू-टू झाडणं म्हणजे त्याला नुसतं जखमी करून हाल करणं. तेव्हा आजोबांची गोष्ट आजोबांच्याच काळात राहू द्यावी.

जिथे छोटी शिकार कायद्याने चालते तिथला हिशेब मात्र आपण ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत करड्या खारीला रीतसर हंगाम असतो. ती खार आपल्या पट्टेवाल्या खारीच्या कितीतरी पट मोठी, अर्ध्या किलोच्या आसपासची, आणि लोक ती रांधून खातात. इंग्लंडात शेतकरी पोकळ टोकाची, ध्वनीपेक्षा मंद गोळी वापरून ससे कमी करतात. जनावर जागीच मरावं म्हणून नेम डोक्यावर, म्हणजे लक्ष्य इंच-सव्वा इंचाचं. स्पर्धेत मोजून गोळ्या मारण्याआधी सरावाला पंधरा मिनिटं मिळतात, नळी तापते, मेण बसतं. शिकाऱ्याला मिळते ती थंड नळीतली पहिली गोळी, आणि तीच शेवटची. म्हणून तो समंजस असेल तर रोज सकाळी एकच गोळी कागदावर मारतो, तोच कागद आठवडाभर ठेवतो, आणि त्या सगळ्या पहिल्या गोळ्या जिथवर इंचात राहतात तेवढंच स्वतःचं अंतर मानतो. बऱ्याच जणांचं ते चाळीस-पन्नास मीटरवर संपतं. पन्नासवर नेम बसवलेली स्टँडर्ड गोळी शंभरावर जवळजवळ वीतभर खाली जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला की जनावर जखमी होऊन बिळात शिरतं. आजोबांच्या ऐंशी पावलांत यातलं काय काय धरलं होतं, ते एकदा चहाआधीच सांगावं.

तर विनंती विशेष अशी. पुढच्या रविवारी सकाळी रेंज उघडताच यावं. आपल्याच रायफलीने, एकाच लॉटची पन्नासची एक डबी. थंड नळीतली पहिली गोळी वेगळ्या कागदावर, तिचं माप वेगळं लिहू. पुढच्या नऊ गोळ्या नळीत मेण बसण्यासाठी, त्या कुणी मोजणार नाही, फोटोही काढणार नाही. उरलेल्या चाळीस गोळ्यांचे दहा-दहाचे चार कागद. चारही सूचनाफलकावर लागतील, सर्वांत वाईट सर्वांत वर, आणि खाली लॉट क्रमांक, वारा व आपली सही. ते पोरही त्याच्या रायफलीसकट शेजारच्या पॉइंटवर असेल. गालपट्टी आम्ही सुताराकडून उतरवून घेतली आहे आणि त्याच्या नळीला मानवणारा एक स्वस्तातला लॉट मिळाला आहे. डबीचे पैसे मी देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद
(फायरिंग पॉइंट डावीकडून दुसरा)