न फसणारे काकाजी

नागपूरच्या नंदनवनात ज्याला गाडी लागते त्याला काकाजी चुकवता येत नाहीत. जगनाडे चौकात पिशव्या घेऊन ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे राहा, केडीके कॉलेजच्या बाजूनं एक स्कूटर येते, एक पाय रस्त्यावर टेकतो आणि प्रश्न येतो, "जाऊन राहिले का? सीट कोणती?" नंबर सांगितला की काकाजी डोळे मिटून मनातल्या मनात अख्खी बस उभी करतात. "मागच्या चाकावर आली. बदलून घ्या." स्कूटर निघून जाते. तोवर आपण ठणठणीत असतो. ती वळणाआड गेल्यावर मात्र तोंडाला उगाच पाणी सुटू लागतं.

असे काकाजी प्रत्येक लेआउटमध्ये एक तरी असतात. नागपूर सुधार प्रन्यासनं प्लॉट पाडतानाच एक कोपऱ्याचा प्लॉट त्यांच्यासाठी राखून ठेवला असावा. सरकारी खात्यातून सेवानिवृत्त, खिशाला दोन पेनं आणि आयुष्याचं सूत्र एकच: आपल्याला कोणी फसवलं नाही पाहिजे. भाजीवाला तोलत असताना बाकीचे काट्याकडे पाहतात, काकाजी भाजीवाल्याच्या करंगळीकडे पाहतात. सिनेमात नायकाची आई गेली की घरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. काकाजींची नजर आईच्या पोटावर. "श्वास चालू आहे, पाहा." दसऱ्याला कस्तुरचंद पार्कात रावण पेटला की सगळं मैदान ओरडतं, तेव्हा हे शेजारच्याला फटाक्यांची वात कुठून नेली ते दाखवत असतात. लग्नात अक्षता टाकताना केटररच्या प्लेटा मोजणारेही हेच. एवढं सगळं करून माणूस सुखी कसा राहतो, असं कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळतं आणि ते लांब असतं.

सुरुवातीला काकाजींचं कार्यक्षेत्र घाटापुरतं होतं. नागपूरच्या माणसाला घाट म्हणजे चिखलदरा. परतवाडा सोडलं की बसमध्ये पिशव्यांची कुजबुज सुरू होते. कोणी पोटावर वर्तमानपत्र बांधतं, कोणी आवळासुपारी चघळतं, कोणी लिंबाला नख मारून हुंगत बसतं. वर्तमानपत्रावर काकाजी हसतात, आवळासुपारी स्वतःच खातात, आणि लिंबाला मात्र त्यांचा तात्त्विक विरोध आहे. "लिंबू नाकाले समजते, कानाले समजते का? भानगड कानात आहे ना जी." यात ते चुकत नाहीत. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं वळलं की त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८८२ मध्ये मूकबधिर माणसांना गरगर फिरवून पाहिलं, तर त्यातल्या पुष्कळांना चक्करच येईना. कानाची ती यंत्रणाच बंद होती. काकाजींनी हे नातवाच्या मोबाईलवर वाचलं आणि त्या दिवसापासून लिंबाचं नाव टाकलं. काकूंच्या पर्समध्ये ते तरीही असतं. काकाजी ते पाहत नाहीत.

सिम्युलेटरशी त्यांची गाठ पडली एका प्रदर्शनात. डब्यासारखी बंद खोली, आत खुर्च्या, समोर पडदा, बाहेर पाटी. पोरं बाहेर येताना किंचाळत होती, एक बाई भिंतीला धरून उभी होती. काकाजी आत गेले नाहीत. ते वाकून डब्याच्या खाली पाहू लागले आणि त्यांना पाय दिसले. डबा पायांवर उभा होता आणि पाय लांब-आखूड होत होते. पुढचे पंधरा दिवस हसनबागेपर्यंतच्या प्रत्येक ओट्यावर तेच व्याख्यान.

व्याख्यान खरोखर ऐकण्यासारखं होतं. वैमानिकांना जमिनीवर बसवून शिकवायला ही यंत्रं निघाली. सहा पायांवर उभी खोली वरखाली, पुढंमागं, डावीउजवीकडे होते, तीन दिशांनी कलतेही; पण सरकते म्हणाल तर अगदी थोडी. मग वेग कुठून येतो? खोली हळूच मागं कलते, पाठ खुर्चीला दाबली जाते, त्याच वेळी पडद्यावर रस्ता अंगावर धावून येतो. आता कानाला कलणं आणि वेगानं पुढं जाणं यातला फरक कळत नाही. पाठीवरचा दाब दोन्हीकडे सारखाच. डोळे म्हणतात गेलो, कान म्हणतो गेलो असू. माणूस ओरडतो. पण पडदा आणि पाय यांचा मेळ जरा चुकला, किंवा डोळे म्हणाले गेलो आणि कान म्हणाला जागेवरच आहोत, की मेंदू गोंधळतो आणि पोट रिकामं करायला काढतो. असं का, याबद्दल एक तर्क आहे: डोळे आणि कान वेगवेगळं सांगू लागले म्हणजे काहीतरी विषारी खाल्लं, असं त्या बिचाऱ्याला वाटतं. इथं काकाजी थांबून ऐकणाऱ्याला म्हणतात, "म्हणजे मेंदू पण फसते. तो काय, साधा माणूस आहे."

यातून त्यांची संहिता तयार झाली. मधल्या खुर्चीवर बसा, कडेला हेलकावा जास्त. पुढची ओळ नको. तिथं पडदा सगळी नजर व्यापतो. डोकं पाठीला टेकून ठेवा, मान वळवू नका. पोट उपाशीही नको आणि तुडुंबही नको; दोन तास आधी पोहे चालतील, तर्री नाही. (तर्रीशिवाय पोहे खायला लागतील म्हणून आमच्या गल्लीतल्या दोघांनी पुढं निघालेल्या सहलीतून नावच काढून घेतलं.) अ‍ॅव्होमिन घ्यायची तर तास-दीड तास आधी, ऐनवेळी घेतली तर ती पोचेपर्यंत खेळ आटोपतो आणि उरते फक्त झोप. आणि सगळ्यात मोठा नियम नजरेचा. बसमध्ये लांब क्षितिजाकडे पाहायचं असतं, हे पोरंही जाणतात. तेच इथं केलं की गेलात! कारण इथलं क्षितिज पडद्यावरचं, म्हणजे लबाड. सिम्युलेटरमध्ये पडद्याकडे पाहायचंच नाही. चौकट पाहा, पुढच्याचा खांदा पाहा, आपले गुडघे पाहा. फारच वाटलं तर डोळे मिटून घ्या.

यातला एकही नियम खोटा नाही, हीच काकाजींची अडचण आहे. चुकीचा सल्ला देणाऱ्या माणसाला हसून टाळता येतं. बरोबर सल्ला देणाऱ्याला टाळायला नाग नदी ओलांडून पलीकडे राहायला जावं लागतं.

मळमळ मोजायला त्यांच्याकडे मापही आहे. जेक गार्न हे अमेरिकेतले सिनेटर एप्रिल १९८५ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून अंतराळात गेले आणि तिथं त्यांना इतकं लागलं, इतकं लागलं, की अंतराळवीरांनी थट्टेनं त्यांच्या नावाचं मापच पाडलं. एक गार्न म्हणजे माणसाला लागू शकेल तितकं सगळं. बहुतेकांची मजल म्हणे एक दशांश गार्नपर्यंतच जाते. काकाजींनी हे माप नंदनवनात आणलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई पाव गार्न. स्वतःचा मेहुणा, चिखलदऱ्याच्या घाटात, अर्धा. स्वतःचा आकडा विचारला तर ते बोटांनी शून्य करून दाखवतात आणि त्या शून्यातून आपल्याकडे पाहतात.

तर, समृद्धी महामार्ग मुंबईच्या दारापर्यंत ७०१ किलोमीटर पुरा झाला आणि लेआउटनं ठरवलं की खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या पार्कात 'मिस्टर इंडिया'ची सिम्युलेटर राईड आहे. डिस्नेलँडनं 'स्टार टूर्स' ही आपली सिम्युलेटर राईड सुरू केली १९८७ मध्ये आणि आपला 'मिस्टर इंडिया' लागला तोही १९८७ मध्येच. दोघांची भेट व्हायला खोपोली उजाडावी लागली. काकाजींनी सहलीचं नेतृत्व मागितलं नाही, ते त्यांच्याकडेच होतं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या दारावर दहावीच्या परीक्षेसारखा बैठक-आराखडा चिकटवला होता. पहाटे सगळ्यांना कोरडे पोहे मिळाले. इगतपुरीच्या आठ किलोमीटर लांब बोगद्यात शिरलो तेव्हा ते प्रसन्न झाले. "घाट काढून टाकला सरकारनं. हे काम."

राईडच्या रांगेत त्यांनी संहितेची उजळणी घेतली. आमच्या मागं उभी असलेली कुठलीशी कॉलेजची पोरंही नकळत मान टेकवण्याचा सराव करू लागली. आत अंधार झाला, खुर्च्या हलल्या आणि सगळे ओरडले. मी शेजारी होतो. पडद्याचा उजेड काकाजींच्या चष्म्यावर नाचत होता. काकाजी मात्र चष्म्यापलीकडे, बाहेर जायच्या दारावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत होते. देवळात समईकडे पाहावं तसे, हात जोडायचे तेवढे राहिले होते. खोली कलली, त्यांनी "मागं" म्हटलं. डावीकडे गेली, "डावीकडे" म्हटलं. कंडक्टरसारखी त्यांनी ती राईड थांब्याथांब्यानं सोडवत नेली.

बाहेर आले ते भांगही न विसकटता. मेहुण्यानं रांगेत शिरण्याआधी चोरून दोन वडापाव खाल्ले होते, त्याला काकाजींनी पाऊण गार्न दिला. नातू गरगरत होता, खांबाला धरून हसत होता आणि पुन्हा जायचं म्हणत होता. "काय म्हटलं होतं मी?" काकाजी म्हणाले. पण ऐकायला कोणी नव्हतं. सगळे मोगॅम्बोबद्दल बोलत होते.

परतीच्या बसमध्येही तेच. तो त्यानं हात कसा केला, ती गाडी कशी पडली, मला तर वाटलं गेलो. कोणीतरी सहज विचारलं, "काकाजी, तुम्हाले काय आवडलं?" काकाजींनी थोडा विचार केला. "दिवा चांगला होता," ते म्हणाले. "हलला नाही."

बोगदा मागं पडला. दिवे बंद झाले, बहुतेकांच्या माना लटकल्या. मी मागच्याच सीटवर जागा होतो, म्हणून ऐकू आलं. काकाजी नातवाला हळूच विचारत होते, "काय बे, होतं काय त्याच्यात?"

नातू खूश झाला. त्यानं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. त्यातलं किती पडद्यावरचं आणि किती त्याच्या पदरचं कोण जाणे. माझ्या आठवणीत तरी मगरी नव्हत्या. पण सांगणारा तयारीचा होता. "आता आबा, गाडी सुटली. समोर भिंत! अशी डावीकडे वळली," तो अंगानं वळला, काकाजींचं डोकंही डावीकडे गेलं. "आता खाली. खाली, खाली, खाली..." काकाजींनी पुढच्या सीटची दांडी धरली. ट्रॅव्हलर समृद्धीच्या सरळसोट, सपाट रस्त्यावर पेल्यातलं पाणीही हलू न देता चालली होती. "आता उलटी, आबा! डोकं खाली, पाय वर!"

"थांब जरा," काकाजी म्हणाले. टोपी काढली, खिडकी दोन बोटं उघडली. मग पलीकडच्या सीटकडे वळून, आवाज अगदी खाली आणून, "झोपली का? ते लिंबू दे बरं."

काकूंनी डोळे न उघडता पर्स चाचपली.

"नाकाले लावता का कानाले?"