ग्रीनिचची पालकसभा

लखनौच्या विकासनगरातील एका शाळेने पालक, शिक्षक आणि कचेरी यांच्या सोयीसाठी जी सामाईक ऑनलाइन दिनदर्शिका सिद्ध केली आहे, तिच्या आज्ञेनुसार येत्या शनिवारी पालकसभा पहाटे साडेपाच वाजता भरणार आहे. जानेवारीच्या धुक्यात समोरचे फाटकही दिसत नसता एवढी विद्येची आच या मोहल्ल्याला केव्हा लागली, असे कोणी विचारू नये. वेळेचा रकाना मोकळा राहिला की यंत्र मध्यरात्र गृहीत धरते. आणि ती मध्यरात्र ग्रीनिचची असल्याने आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

दुरुस्ती एका टिचकीची. परंतु स्थळांच्या यादीत भारतापुढे कोलकाता हे एकच नाव निघाले, आणि लखनौच्या शाळेने कलकत्त्याच्या घड्याळावर का चालावे, असा बाणेदार सवाल समितीत उपस्थित होऊन, लखनौचे नाव दाखल होईपर्यंत यंत्र ‘जैसे थे’ राखण्याचा ठराव मंजूर झाला. म्हणजे कलकत्त्याचे दास्य नको म्हणून ग्रीनिचचे पत्करले! ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर १९०६ सालापासून आपली प्रमाणवेळ बेतलेली आहे, ते याच राज्यातल्या मिर्झापुराजवळून जाते आणि लखनौच्या सूर्याशी त्याचा फरक जेमतेम सहा मिनिटांचा आहे, हे भूगोलाच्या शिक्षकांनी सांगून पाहिले. त्यांना विषयाला धरून बोलण्याची समज देण्यात आली. परिणामी सकाळी आठच्या क्रीडास्पर्धा दुपारी दीडला आणि सायंकाळी सातचे स्नेहसंमेलन दुसऱ्या तारखेच्या रात्री साडेबाराला जाऊन बसले. मग फर्मान निघाले, की पालकांनी प्रत्येक वेळेतून साडेपाच तास वजा करून वाचावे. तोवर काही दक्ष शिक्षिकांनी ती वजाबाकी नोंद करतानाच उरकली होती. त्यामुळे सकाळी नऊची चाचणी आज्ञाधारक पालकांच्या हिशेबी पहाटे साडेतीनची ठरली. हातचा विसरलेल्या पोराला तासभर बाकावर उभे करणारी हीच मंडळी! यांना कोणत्या बाकावर उभे करावे?

फीची अखेरची तारीख मात्र कधी चुकत नाही, कारण मुनीमजी ती फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितात. तीही दिनदर्शिकेत चढवावी, अशी विनंती समितीने केली होती. मुनीमजींचा नकार लेखी आला आहे.