मैफलवाल्यांचं तळघर

“अगं, मैफलवाल्यांच्या ड्राइव्हवेत डंपस्टर आलाय, बघितलास का?”

नीलाताई टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होत्या, पण डोळे कोपऱ्यावरच्या घराकडे. डंपस्टर मीही सकाळीच बघितला होता. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गल्लीत कुणाकडे डंपस्टर येणं ही बारशाएवढीच मोठी बातमी. कुणी काय फेकलं, यावरून कुणाचं काय चाललंय ते बरोबर कळतं.

“गुलाबी लोकर निघतेय ताई, भिंतीतली. गुलाबी कसली, काळी ठिक्कर!”

“निघणारच! अगं, सगळं नवंकोरं होतं. परवा-परवा तर पूजा घातली खाली.”

मैफलवाले हे आम्ही ठेवलेलं नाव. जोडपं हौशी. तो तबला वाजवतो, ती गाते. घर 1950च्या दशकातलं, गल्लीतल्या बहुतेक घरांसारखंच, काँक्रीटच्या पोकळ विटांच्या पायावर उभं. घेताना त्यांनी स्वयंपाकघर धड पाहिलं नाही, पण तळघर पाहून खूश. इथे बैठक घालू, पन्नास माणसं बसतील! भिंतींवर पांढरा खार फुटलेला होता, एका कोपऱ्यात पोपडे सुटले होते. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, वॉटरप्रूफ रंग मारू, काळजी सोडा. रंग मारला, लाकडी चौकट ठोकली, तिच्यात लोकर भरली, वरून प्लॅस्टिकचा कागद ताणला, ड्रायवॉल लावली आणि खाली जाडजूड कार्पेट. परमिट? “कशाला उगाच महिना घालवायचा?”

“आणि पहिल्याच जूनमध्ये सासूबाई आल्या राजापूरहून,” नीलाताईंनी काठी खाली ठेवली. “मी तिथेच होते गं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, इथे ओल आहे. मुलगा हसला. म्हणे, आई, हे काय कोकण आहे का? त्या म्हणाल्या, कोकणात आम्ही जोतं वर घेतो, तुम्ही घर जमिनीत पुरलंय.”

कोकणातल्या बाईच्या नाकाला बुरशीचं काय सांगायचं! तरी त्यांचा उपाय मात्र फसला. कुबट वास येतो म्हणून त्यांनी खालच्या इवल्याशा खिडक्या रोज सकाळी सताड उघडल्या, हवा खेळू दे म्हणून. आपल्याकडे हे चालतं. न्यू जर्सीच्या जुलैत बाहेरची हवा गरम आणि दमट, तळघराची भिंत मातीला टेकलेली म्हणून गार. ती हवा गार भिंतीला लागली की ताकाच्या थंड पेल्यासारखा भिंतीला घाम फुटतो. म्हणजे खिडकी उघडून त्या रोज बादलीभर दमटपणा घरात घेत होत्या. उन्हाळ्यात इथे खिडक्या बंद ठेवायच्या, डीह्युमिडिफायर लावायचा, त्याची नळी सरळ मोरीत नाहीतर पाणी उपसायच्या पंपाच्या, म्हणजे सम्पच्या, खड्ड्यात सोडायची (बादली ठेवली तर ती ओतायची कुणी, यावर भांडणं होतात) आणि हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखायची.

“तबला उतरायला लागला तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले,” मी म्हटलं.

“उतरायला? दर दहा मिनिटांनी हातोडी! पुडी सैल ती सैलच. पेटीची एक पट्टी फुगून अडकली ती वेगळीच. पाहुणे बसलेत, गायिका षड्ज लावून बसलीय आणि हा ठोकतोय. शेवटी आमच्या ह्यांना बोलावलं.”

नीलाताईंचे ‘हे’ म्हणजे काका. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन गेलं की आधी चहा येतो, मग वही. पण या वेळी ते वही न घेता पावसाची वाट बघत बसले. मोठा पाऊस आला तशी छत्री घेऊन मैफलवाल्यांच्या घराला त्यांनी चांगली प्रदक्षिणा घातली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.

“आणि काय सापडलं?”

“काय सापडायचंय! पन्हाळी पानांनी तुंबलेल्या, पाणी काठावरून सांडतंय. जे पाइपातून उतरतंय ते बरोबर पायाच्या भिंतीशी. वर फुलझाडांचे वाफे घराला चिकटून, त्यांचा उतार घराकडे. पाणी घालून घालून तळघर वाढवल्यासारखं केलंय, म्हणाले हे.”

काकांनी मग हिशोब मांडलाच. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सव्वासहाशे गॅलनच्या घरात पाणी जमतं. ते सगळं दोन-चार पाइपांतून पायाशी ओतलं तर जाणार कुठे? पोकळ विटेत शिरतं, विटेतला क्षार घेऊन आतल्या बाजूला येतं, पाणी उडून जातं आणि क्षार पांढरा होऊन भिंतीवर बसतो. त्याच्यावर आतून रंग मारणं म्हणजे पाण्याच्या तोंडावर दार लावणं. ते दुसरीकडून येतं. म्हणून आधी पन्हाळी साफ, पाइपाला जोड लावून पाणी लांब सोडायचं आणि माती चढवून घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतार काढायचा.

“पण ओल बाहेरून येते की हवेतून, हे कसं ओळखायचं?” मला आमच्याही घराची काळजी.

“सोपं आहे. भिंत पुसून कोरडी कर, हातभर फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव. एक-दोन दिवसांनी बघ. फॉइलच्या वर थेंब असले तर हवेतला दमटपणा. सोलल्यावर मागे ओल असली तर भिंत पाझरतेय. दोन्ही असलं तर...” नीलाताई हसल्या, “तर ह्यांना चहाला बोलव.”

मैफलवाल्यांकडे दोन्ही होतं. त्यामुळे ती गुलाबी लोकर काळी. काचेची लोकर वाईट नाही, वर माळ्यावर उत्तम. पण गार, ओलसर भिंतीशी ती लावली की खोलीतली दमट हवा तिच्यातून आरपार जाऊन भिंतीवर थंड होते. त्यावर प्लॅस्टिक ताणलं की भिंतीतून आलेली ओलही आतच कोंडते. लाकूड आणि ड्रायवॉलचा कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य. बुरशीला अंधारात जेवायला वाढलं होतं आणि वर पडदाही लावला होता.

आता नवा माणूस आलाय, त्याची पद्धत काकांना पटली. बाहेरचं पाणी वळवून सगळे ऋतू एकदा जाऊ द्यायचे, भिंत कोरडी राहते याची खात्री करायची. मग फोमचे कडक तक्ते थेट भिंतीला चिकटवायचे, सांधे टेपने बंद करायचे, म्हणजे खोलीतली हवा गार काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. दोन इंची निळे-गुलाबी तक्ते असले तर आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचं माप) 10 च्या आसपास मिळते. त्याच्यापुढे लाकडी चौकट, तिची जमिनीवरची पट्टी औषध मुरवलेल्या लाकडाची. ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर, म्हणजे पाणी आलंच तर ती शोषून घेत नाही. फोम उघडा मात्र ठेवायचा नाही, आगीत तो घातक, म्हणून अर्ध्या इंची ड्रायवॉलने झाकायचाच. आणि भिंतीच्या माथ्यावर जिथे घराची तुळई टेकते ती पट्टी लोक विसरतात. जानेवारीत तिथे हात लावून बघा, बर्फ! तिथे फोमचे तुकडे कापून बसवायचे, कडा स्प्रे फोमने भरायच्या. थंडीतली गळती बरीचशी तिथूनच असते.

कार्पेट गेलं हे बरं झालं. खाली नऊ इंची जुन्या फरशा निघाल्या. त्या काळच्या अशा फरशांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे खरवडायच्या नाहीत. तपासून घ्यायच्या, धड असतील तर तशाच झाकायच्या. 1978 आधीच्या रंगात शिसं असण्याचीही शक्यता, तिथेही घासाघीस नको. आणि रेडॉन हा किरणोत्सारी वायू! वास नाही, रंग नाही, जमिनीतून येतो. तपासणीचा डबा स्वस्त असतो. लिटरला चार पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर अमेरिकेची पर्यावरण संस्था बंदोबस्त करायला सांगते. तळघर सजवायच्या आधी हे करावं, नंतर फरशी फोडायची वेळ येते.

“आता मैफलवाले म्हणतायत, खाली पाहुण्यांची खोली काढू. आईबाबा आले की तिथे.”

नीलाताईंचा आवाज एकदम बदलला. “बाहेर पडायला खिडकी आहे का त्या खोलीला? नाही ना? मग नाही. आयडा विसरले वाटतं.”

1 सप्टेंबर 2021ची ती रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. आयडा वादळाचा उरलेला पाऊस काही तासांत कोसळला. पलीकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये तळघरातल्या घरांमध्ये माणसं अडकली आणि बुडून गेली. आमच्याकडे वीज गेली, वीज गेली म्हणून सम्प पंप बंद, पंप बंद म्हणून पाणी वर. ज्यांच्या पंपाला बॅटरी होती त्यांची तळघरं वाचली. दुसऱ्या दिवशी विम्याला फोन लावले तेव्हा कळलं, नेहमीच्या गृहविम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. झोपायची खोली तळघरात हवी असेल तर माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी, तीही जमिनीपासून 44 इंचांच्या आत, आणि परमिट. यात सवलत मागायची नाही.

“मी सांगितलंय तिला,” नीलाताई म्हणाल्या, “आईबाबांना वरची खोली दे. खाली तबला ठेव.”

गल्लीत आणखी दोन घरी बेसमेंटचे बेत चाललेत, कॉन्ट्रॅक्टर येऊन मापं घेऊन गेलेत. त्यांना आणि तुम्हालाही काकांचा निरोप आहे: ॲडव्हान्सचा चेक फाडायच्या आधी एका मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरून या, आणि पन्हाळीचा पाइप लांब करा. जोड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याला परमिट लागत नाही.