उपग्रह तेवढे उत्तर देतात

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून निघालेला संदेश सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत माझ्या सायकलच्या हँडलपर्यंत पोचतो. त्याबद्दल मी अमेरिकी सरकारला एक छदामही दिलेला नाही. हँडलवर बसवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्राचे मात्र कंपनीने चांगले घसघशीत पैसे घेतले, आणि तिचं उत्तर यायला ७२ तास लागतात. ते उत्तर असं : 'आपला मेल मिळाला. ७२ तासांत उत्तर देऊ.'

यंत्राच्या खोक्यावर 'आयपीएक्स ७' असं छापलं होतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. चालतही असेल, पुण्याच्या पावसाबद्दल खोक्याने काही शब्द दिला नव्हता.

उंची मोजण्यासाठी या यंत्राला एक बारीक भोक असतं. आठ-नऊ मीटर चढलं की हवेचा दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून त्याला चढ कळतो. भोकात पाण्याचा थेंब अडकला की बाहेरचा दाब आत पोचत नाही आणि सह्याद्री सपाट होतो. बोपदेव घाटात मी जीव खाऊन पॅडल मारतोय, भाजीची पिशवी लावलेली एक स्कूटर माझ्याकडे दयेने बघत पुढे गेलीय, आणि पडदा सांगतोय : चढ शून्य टक्के. घरी बायकोने तो आकडा पाहिला आणि विचारलं, "अहो, मग दमलात कशाने?"

टचस्क्रीनची तऱ्हा आणखी वेगळी. पावसाचा थेंब आणि माणसाचं बोट यांत ती भेद मानत नाही. कात्रजच्या जुन्या घाटात एका सरीने माझी राइड परस्पर संपवली, जतन केली आणि जाता जाता यंत्राची भाषा फिनिश करून टाकली. पुढचा सगळा रस्ता ते मला फिनिशमध्ये काहीतरी कळकळीने सांगत होतं. मग एके दिवशी तेही थांबलं.

मी ग्राहकसेवेला फोन लावला.

"सर, रीस्टार्ट केलंत का?"

"ते स्टार्टच होत नाहीये."

"ओके सर. मग एकदा रीस्टार्ट करून बघा."

पुढे त्यांनी बिघाडाचा व्हिडिओ मागितला. मी काळ्या पडद्याचं चित्रीकरण करून पाठवलं. उत्तर आलं : 'व्हिडिओत काही दिसत नाही, कृपया स्पष्ट व्हिडिओ पाठवा.' अखेर यंत्रच कुरिअरने गेलं आणि तपासणीचा निकाल लागला.

"सर, आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही."

"पण ते वॉटरप्रूफ आहे ना?"

"आहे ना सर. म्हणूनच पाणी बाहेर येत नाहीये."

यावर काय बोलणार? बॅटरी बदलता येत नाही, सुटा भाग मिळत नाही, पण नव्या मॉडेलवर सवलत मात्र आहे, असं कळलं. फोन ठेवताच मेसेज आला : आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या. शून्य ताऱ्यांची सोयच नव्हती.

तेव्हा असं यंत्र घ्यायला जाल, तर ते किती उपग्रह पकडतं हे विचारू नका. उपग्रह आपलं काम चोख करतात. आपल्या गावात ते दुरुस्त कोण करतं, हे विचारा. दुकानदार नुसता गोड हसला, तर पैसे खिशातच राहू द्या. घेतलंच असेल, तर पक्कं बिल जपून ठेवा, कंपनीशी बोलणं लेखी करा आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही. तिथे तारे नाही, तारखा मिळतात. पण कंपनीलाही त्या तारखांना हजर राहावं लागतं.