पंगतीतला वैयाकरण

वाशीम जिल्ह्यात, म्हणजे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या सहा तालुक्यांत, पंगत लग्नाची असो वा नवसाच्या रोडग्यांची, तीत एक वैयाकरण, म्हणजे व्याकरणाचा जाणकार, हमखास आढळतो. इतर मंडळी नुसती जेवून उठतात, तर हा जेवता जेवता शेजारच्या प्रत्येकाच्या जेवणाला नेमके क्रियापद बहाल करतो.

त्याच्या शास्त्राचा पहिला भाग पदार्थांविषयीचा असून तो बिनचूक असतो. रोडगा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून तुपात कुस्करलेला कणकेचा गोळा, हाणला जातो, कारण त्याला बळ लागते; पातळ वरण ओरपले जाते, म्हणजे पत्रावळीवरून पळू पाहणारा ओघळ बोटांनी अडवून तोंडाकडे ओढला जातो; ऊन कढी भुरकली जाते, म्हणजे ओठांवाटे हवेसह, शेजाऱ्यास ऐकू जाईल अशी आत घेतली जाते; आणि बुंदीचा फडशा पाडला जातो, कारण ती मोजण्याची सोय नसते.

दुसरा भाग नात्यांविषयीचा असून तेथे शास्त्राची जागा राजकारण घेते. सारखेच चार रोडगे सरपंच ‘घेतात’, व्याही ‘चापतात’, भावकीतला वैरी ‘हादडतो’ आणि घरचा रिकामा मुलगा ‘गिळतो’. चहासुद्धा तलाठ्याने ‘घेतलेला’, तर चुलतभावाने ‘ढोसलेला’ असतो. बांधाचा वाद मिटला, की तोच वैरी पुढल्या पंगतीत भूक तेवढीच ठेवून ‘हादडण्या’वरून ‘जेवण्या’वर बढती मिळवतो. स्वतःसाठी मात्र या विद्वानाने एकच रूप राखून ठेवलेले असते: पाचवा रोडगा संपवून सहाव्यासाठी वाढप्याला अडवताना तो, “काई नाई भाऊ, दोन घास तोंडाले लावले,” असे अत्यंत विरक्तीने सांगतो.

जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासावरही त्याचा आक्षेप आहे. इसवी सन ९०० च्या आसपास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीममध्ये, झाल्याचे सांगितले आहे. परंतु तो गांधर्व पद्धतीचा, म्हणजे वधूवरांनी परस्पर उरकलेला होता. हे कळताच वैयाकरण हातातला घास तसाच धरून निर्वाळा देतो: “पंगतच नाई बसली, तं लगन झालं हे पाह्यलं कोनं?”