पिशवीतला आषाढ

मशरूमच्या किटमध्ये विकत नेमकं काय मिळतं? गव्हाचं काड, जे आमच्या शहाद्याकडे गुरांपुढे पडलेलं असतं. त्यात रुजवलेली पांढरी बुरशी. आणि एक कागद: तापमान २५ अंशांच्या आसपास, हवेत ८०-८५ टक्के ओलावा, थेट ऊन नको, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. थोडक्यात, तोरणमाळचा जुलै.

नोकरीमुळे मी इथे सुमारे ११५० मीटर उंचीवर राहतो. आषाढ लागला की यशवंत तलाव दिसेनासा होतो आणि ढग न विचारता घरात येऊन बसतो. मीठ पाझरतं, काडेपेटी रुसते, कोपऱ्यातल्या चामडी चपलेवर किट न मागवताच पीक येतं.

पुण्याच्या बहिणीला हे हवामान पैसे मोजून बाथरूममध्ये बांधावं लागलं. धिंगरीची पिशवी गीझरच्या पाइपला टांगली, घरातले सगळे तिला धक्का न लावता आंघोळी करू लागले, दार कायम बंद. आता अळिंबीही श्वास घेते. कोंडलेल्या जागेत कार्बन डायऑक्साइड साठला की दांडा लांबत जातो आणि छत्री बारीकच राहते. पहिल्या पिकाला उंची होती, डोकं नव्हतं. भाचा दहावीत आहे. बहिणीने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि दोघांच्याही खोल्यांची दारं उघडी ठेवली.

त्यानंतर धिंगरी अशी फुटली की वाटून संपेना. खालच्या मजल्यावरच्या माळकरी आजोबांनी आधी खात्री करून घेतली, "ताई, ही भाजीच ना?" शास्त्रज्ञांनी बुरशीला वनस्पतींच्या घराण्यातून केव्हाच बाहेर काढलंय, आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. आजोबांना हे कुणी सांगितलेलं नाही. कालवण त्यांना फार आवडतं.

पावसाळ्यात वारुळावर उगवते त्या रानअळिंबीची चव या धिंगरीला नाही, हे मी बहिणीला फोनवर सांगून बसलो. (ती जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय तोंडात घालू नये, हेही सांगितलं, पण असलं कुणी ऐकत नाही.) "मग तिचं किट पाठव," ती म्हणाली. ते नाही. ही बुरशी वाळवी पाळते. वारुळाच्या पोटात, चघळलेल्या पाल्या-लाकडाच्या वाफ्यांवर, कोट्यवधी वर्षं तिची शेती चालू आहे. माणसाला वाळवीवाचून तिचं पीक अजून काढता आलेलं नाही.

बहीण क्षणभर गप्प. मग म्हणाली, "वाळवी ऑनलाइन मिळते का रे?"

"ऑनलाइन कशाला? शहाद्याच्या आपल्या घराची चौकट काढून ने की!"